पांढरा रंग, काळी वाळू

मुलांनो, फळा पुसून झाला की तुमच्या गुरुजींचा किंवा बाईंचा हात कसा दिसतो? पांढरा फटक! आमच्या शाळेत पहिलीतली पोरं तर मुद्दाम माझ्यापुढे पाठ करून उभी राहतात. शाबासकी दिली की शर्टावर पाच बोटं उमटतात आणि ती दिवसभर मिरवता येतात.

गेली चौदा वर्षं माझा हात असाच आहे. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक गंमत झाली. शाळा बंद, फळा बंद, खडूचा डबा कपाटात. तरीही माझा हात पांढरा झाला! मी फक्त खळ्यात उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या टपावरून हात फिरवला होता.

ही गाडी माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची. पांढरी मारुती ८००. १९८३ साली ही छोटी गाडी भारतात आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरांची ती पहिली गाडी झाली. आमच्याही. आबांनी आयुष्यभर आंब्याचा ट्रक चालवला. रत्नागिरीत हापूसच्या पेट्या भरायच्या, रात्रभर घाट चढत-उतरत जायचं आणि पहाटे वाशीच्या बाजारात पोचायचं. पस्तीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली आणि मग स्वतःची घेतली, तीसुद्धा जुनी. पण तिचा थाट काय विचारता! रोज सकाळी अंघोळ आधी गाडीची, मग आबांची.

पुढे आबांना मोतीबिंदू झाला. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच किल्ली खुंटीला लावली. दोन पावसाळे गाडी आंब्याच्या कलमाखाली उभी होती. वर टाकलेली ताडपत्री वाऱ्याने फाटली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. दिवाळीच्या आधी आबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ताईकडे चिपळूणला गेले. जाताना गाडीजवळ थांबले, तिला चाचपलं आणि म्हणाले, "काय पांढरी राहिली आहे की नाही रे? मला सगळंच पिवळट दिसतं."

मी म्हटलं, "आहे ना!"

खोटं बोललो. शिक्षक असून! म्हणून मनाशी ठरवलं, की आबा नवे डोळे घेऊन परत येतील तेव्हा माझं बोलणं खरं झालेलं असेल.

गाडीला खडू कुठून लागला?

तुम्ही रत्नागिरीला आला नसाल, तर आधी इथली हवा समजून घ्या. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. ते सगळं पाणी अंगणात साठून राहिलं असतं तर दहा फूट झालं असतं! पाऊस थांबला की ऊन असं तापतं, की जांभ्या दगडाच्या सड्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. शिवाय समुद्रावरून येणारा वारा सोबत मीठ घेऊन येतो. आमच्याकडे खिडकीचे गज, सायकलची चेन, दाराच्या कड्या सगळं लवकर गंजतं.

आता रंगाचं बघू. कुठल्याही रंगात दोन मुख्य गोष्टी असतात. एक म्हणजे रंगाची बारीक पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारी राळ. लाडू वळताना रवा आणि पाक असतो ना, तसंच. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं पडत राहिले की वरच्या थरातली ही राळ तुटत जाते. पाक निघून गेला की लाडवाचं काय होणार? भुगा! तसाच रंगाच्या वरच्या थराचा भुगा होतो आणि तो हाताला लागतो. म्हणजे माझ्या तळव्यावर जे उमटलं होतं ते गाडीचंच पीठ होतं.

त्यावर आणखी आंब्याचा चीक, पक्ष्यांची शिट आणि लाल धूळ. आमची माती लाल का, माहीत आहे? जांभ्यात लोखंडाची ऑक्साइडं खूप असतात. आणि लोखंडाला गंज चढतो तो तरी काय असतो? तेही लोखंडाचं ऑक्साइडच! थोडक्यात, आमचा अख्खा सडा लाखो वर्षं पावसात गंजत पडला आहे असं म्हणा ना. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे सोन्याचे दागिने चमकवायला जी लाल पूड वापरतात, तीही लोखंडाच्या ऑक्साइडचीच. तोच पदार्थ एका ठिकाणी चमक घालवतो आणि दुसऱ्या ठिकाणी आणतो.

विद्यार्थी झाला गुरुजी

गाडीत नवी बॅटरी घातली, चाकांत हवा भरली आणि मी शहराकडे निघालो. आमचं गाव हातखंब्याच्या अलीकडे. गोव्याकडे जाणारा महामार्ग सोडून उजवीकडे वळलं, की खेडशी, कुवारबाव करत रस्ता रत्नागिरीत शिरतो. कुवारबावला कोकण रेल्वेचं स्टेशन लागतं. शहराच्या कडेला जांभ्या दगडाच्या भिंती आणि वर पत्रे असलेलं एक लहानसं गॅरेज आहे. तिथे गाड्यांना रंग देणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. चौथीत मागच्या बाकावर बसायचा. गणिताशी त्याचं जमायचं नाही, पण नकाशा असा रंगवायचा की रेघेबाहेर एक ठिपका जायचा नाही. आपण त्याला पेंटरदादा म्हणू.

"गुरुजी, तुम्ही खुर्चीवर बसा. मी करून देतो," तो म्हणाला.

"नाही. मला शिकव. आबांची गाडी आहे, मला स्वतःच्या हाताने करायची आहे."

तो हसला. "मग मी सांगेन तसंच करायचं. मध्येच डोकं चालवायचं नाही!"

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. मीच वर्गात म्हणतो की!

पहिला धडा मशीनचा नव्हताच, अंघोळीचा होता. गाडी साबणाच्या पाण्याने वरून खाली धुतली. मग त्याने चिकणमातीसारखी एक मऊ वडी दिली. पाण्याचा फवारा मारायचा आणि ही वडी पत्र्यावरून हळूच सरकवायची. धुऊनही न निघालेले बारीक कण तिला चिकटून येतात. आमची निळी वडी अर्ध्या तासात विटकरी झाली.

"आता हात फिरवा."

फिरवला. मघाशी पत्रा घासकागदासारखा खरबरीत लागत होता, आता काचेसारखा गुळगुळीत झाला. पण चमक मात्र नव्हती.

"असं का?" मी विचारलं.

पेंटरदादाने बादलीकडे बोट दाखवलं. "पाणी स्थिर असलं की त्यात तोंड दिसतं. ढवळलं की दिसत नाही. पाणी तेच असतं ना, गुरुजी?"

मुलांनो, चमक कशी येते ते मी पुस्तकातून कितीदा शिकवलं असेल, पण इतकं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं. पृष्ठभाग सपाट असला की सगळे प्रकाशकिरण एका शिस्तीत परततात, प्रार्थनेनंतर रांगेने वर्गात जाणाऱ्या मुलांसारखे. तो ओरखड्यांनी भरलेला असला की किरण चहूकडे पांगतात, मधली सुट्टी झाल्यासारखे! गाडी पॉलिश करणं म्हणजे वरून चमक फासणं नव्हे. वरचा खराब, ओबडधोबड थर अगदी बारीक खरवडून सपाट करणं.

"म्हणजे रंग कमी होतो?"

"होतो तर! म्हणूनच भीती." त्याने माझ्या खिशातल्या वहीचं एक पान चिमटीत धरलं. "प्रायमर आणि रंग सगळे थर मिळून साधारण एवढीच जाडी असते. एक पान, फार तर दीड पान. एवढ्यातच सगळा खेळ."

मी मनात हिशोब केला. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला एक मायक्रॉन म्हणतात. गाडीवरचे सगळे थर मिळून बहुधा शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. नव्या गाड्यांत रंगावर पारदर्शक थराचं पांघरूण असतं. आमच्या जुन्या पांढऱ्या मारुतीवर ते नव्हतं. रंग आणि चमक एकाच थरात. म्हणजे खरवडायचा तो थेट रंगच.

मशीन हातात आलं

मशीन दिसायला फरशी घासायच्या मशीनसारखं असतं. पुढे एक तबकडी आणि तिच्यावर लोकरीचा किंवा स्पंजचा जाड गोल बफ. "शिकाऊ माणसाला खरं तर डोलत डोलत फिरणारं मशीन बरं. ते कमी तापतं. पण माझ्याकडे हे एकच आहे, सरळ गरगर फिरणारं," पेंटरदादा म्हणाला. मग त्याने पत्र्यावरच्या प्रत्येक धारेवर, दिव्यांच्या कडांवर आणि रबरावर कागदी चिकटपट्टी लावली.

"ही पट्टी कशाला?"

"धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो. आणि सपाट जागी बफचा दाब पसरतो, तो धारेवर एकाच जागी येतो. तीन-चार सेकंदांत रंग जळतो. पट्टी काढायची नाही, काही झालं तरी."

बफवर रबिंग कंपाउंडचे चार ठिपके टाकले. हे पांढरं मलम टूथपेस्टसारखं दिसतं. त्यात अतिशय बारीक, कठीण कण असतात. बऱ्याच कंपाउंडांत ते ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे असतात, आणि ते बनतं बॉक्साइट नावाच्या दगडापासून. बॉक्साइट म्हणजे आमच्या जांभ्याचा भाऊच. आपल्याच जिल्ह्यात दापोली, मंडणगडच्या सड्यांवर तो सापडतो.

सुरुवात टपाच्या मागच्या कोपऱ्यावर, दोन फुटांच्या चौकोनात. मशीनची वायर खांद्यावरून मागे टाकायची, डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं. बफ आधी पत्र्यावर टेकवायचा आणि मगच बटण दाबायचं. मी काय केलं? आधी बटण दाबलं! कंपाउंडचे चारही ठिपके उडाले. एक भिंतीवर, एक माझ्या चष्म्यावर आणि दोन पेंटरदादाच्या तोंडावर. चौथीत असताना मी त्याला पट्टी दाखवायचो, त्याची वसुली झाली बहुतेक.

दुसऱ्यांदा टेकवून बटण दाबलं, तर मशीन मलाच ओढू लागलं. मुलांनो, त्याचा जोर विचित्र असतो. बफ जरा तिरका झाला की ते डावी-उजवीकडे पळतं, बैलजोडीने नांगर ओढावा तसं. आवळून धरलं की हात भरून येतात, सैल सोडलं की ते उड्या मारतं. "मशीनला काम करू द्या, गुरुजी. तुम्ही फक्त दिशा द्या!" पेंटरदादा ओरडला. आधी आडवे पट्टे, मग त्यांवरून उभे पट्टे, सावकाश, कुठेही न थांबता. अधूनमधून पत्र्याला हात लावून बघायचं. कोमट चालेल, चटका नको.

दहा मिनिटांनी मऊ फडक्याने तो चौकोन पुसला आणि मी वाकून पाहिलं. गॅरेजच्या पत्र्याच्या छपरातली भोकं टपावर ताऱ्यांसारखी चमकत होती! बाजूचा भाग मात्र खडूचा खडूच. माझ्या तोंडून "अरे वा!" इतक्या मोठ्याने निघालं, की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला.

संध्याकाळपर्यंत टप झाला. बोटांना मुंग्या आल्या होत्या, चहाचा कप धरवेना. घरी जायच्या आधी वाऱ्याला म्हणून थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याची खाडी, काजळी नदीचं समुद्राला मिळणारं तोंड, त्यावरचा लांब पूल आणि माडांच्या रांगा. जवळच थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. आपल्या देशात परत जाणं त्याच्या नशिबी नव्हतं. त्याच्या देशात बांबूच्या भांड्यांवर झाडाच्या चिकाचे थर देतात. एक थर वाळवायचा, घासून गुळगुळीत करायचा, मग दुसरा. असं महिनोन्‌महिने चालतं. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणीही लाखेच्या रंगाने चमकतात. चमक हवी तर घाई चालत नाही, हे सगळीकडे सारखंच. हा विचार मी थिबा पॉइंटवर बसून केला, आणि दुसऱ्याच दिवशी विसरलो.

तीन सेकंद

दुसऱ्या दिवशी दारं झाली. एकदा बफ निसटून खाली लाल मातीत पडला. मी झटकून परत लावणार, तोच पेंटरदादाने तो काढून घेतला. त्यात अडकलेला मातीचा एक कण सबंध गाडीवर गोल गोल ओरखडे काढतो! नवा बफ लावला. दुपारपर्यंत बॉनेटही बरंच उजळलं. पेंटरदादा जेवायला घरी गेला. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत आराम करा."

बॉनेटच्या उजव्या टोकाला आंब्याच्या चिकाचा एक डाग होता. अर्धा पट्टीबाहेर, अर्धा पट्टीखाली. बाहेरचा अर्धा निघाला होता. उरलेला अर्धा मला सारखा दिसत होता. वाटलं, एवढ्यासाठी कशाला थांबायचं? आता तर येतं आपल्याला!

मी पट्टी काढली. बफ टेकवला आणि बटण दाबलं.

एक, दोन, तीन.

उचलून पाहिलं तर डाग गेला होता. त्याच्यासोबत रंगही गेला होता. धारेवर रुपयाच्या नाण्याएवढा करडा ठिपका. खालचं प्रायमर उघडं पडलं होतं.

मुलांनो, खोडरबराने जोरात खोडताना वहीचं पान फाटतं, तेव्हा पोटात जसा गोळा येतो ना, तसा आला. आधी मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी पाहिलं का म्हणून. मग मनात काय काय आलं! तिथे आंब्याच्या चित्राचा स्टिकर लावावा. पक्ष्याने चोच मारली म्हणावं. आबांना कुठे एवढं दिसणार आहे? हा शेवटचा विचार मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांना दिसावं म्हणून तर हे सारं चाललं होतं.

पेंटरदादा आला. मी काही न बोलता बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, ठिपक्यावरून नख फिरवलं. मला वाटलं, रागावेल. पण तो म्हणाला, "गुरुजी, एक आठवतं का? मी भागाकार चुकलो की पान फाडायचो. तुम्ही म्हणायचात, चुकलेलं पान फाडायचं नाही. त्याच्याखाली बरोबर लिहायचं. म्हणजे कुठे चुकलो ते पुढच्या वेळी दिसतं."

मी असं म्हणायचो हे मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं.

त्याने ठिपका स्वच्छ करून बारीक ब्रशने पांढरा रंग लावला. उघडं प्रायमर ओल शोषतं आणि आमच्या खाऱ्या हवेत गंज यायला वेळ लागत नाही. म्हणून तो झाकणं भागच होतं. पण ब्रशचा ठिपका आजूबाजूच्या रंगाशी शंभर टक्के जुळत नाही. जवळून पाहिलं की कळतं. "पूर्ण बॉनेट रंगवून देऊ का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

शेवटी मेणाचा हात दिला. गाडीच्या चांगल्या मेणात ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण असतं. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड आपल्या पानांना मेणाचा लेप देतं. झाडाचा रेनकोट आपण गाडीला घालतो, झालं!

आबांचे नवे डोळे

चार दिवसांनी आबा चिपळूणहून आले. काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्या. खळ्यात पाऊल टाकलं आणि थांबले.

"केवढी पांढरी रे!"

मग कलमाखालच्या हौदाकडे पाहिलं, आईच्या पातळाकडे पाहिलं. "सगळंच पांढरं दिसतं आहे. गाडी उजळली की माझा डोळा, काय समजायचं?"

खरं तर दोन्ही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ आणि पिवळसर होतं. ते घासून स्वच्छ करता येत नाही. काढून त्या जागी नवं, कृत्रिम भिंग बसवतात. मग इतकी वर्षं पिवळट दिसलेलं पांढरं एकदम पांढरंशुभ्र दिसू लागतं.

आबांनी टपावरून हात फिरवला, तळवा पाहिला. कोरडा, स्वच्छ. दारावरून फिरवला. मग बॉनेटवर. आणि ट्रक ड्रायव्हरचं बोट थेट उजव्या टोकाला जाऊन थांबलं.

"हे काय?"

मी सगळं सांगितलं. पट्टी काढल्याचं, पेंटरदादाचं ऐकलं नाही त्याचं, स्टिकरचा विचार आल्याचं. आणि चिपळूणला जाताना खोटं बोललो होतो, तेही.

आबा थोडा वेळ ठिपक्यावर बोट ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "घाट उतरताना नवा ड्रायव्हर काय करतो, माहीत आहे? भीतीने ब्रेक दाबूनच धरतो. मग लायनर तापून जळतात आणि नेमका गरजेला ब्रेक लागत नाही. जुना ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि ब्रेकला नुसता पाय लावतो, सोडतो. लावतो, सोडतो. तुझं तेच झालं. धारेवर हात हलका हवा."

"आणि खोटं बोललो ते?"

"ते मला तेव्हाच कळलं होतं," आबा म्हणाले. "हाताला पीठ लागलं होतं ना. चल, समुद्र बघू. दोन वर्षांत नीट दिसला नाही."

मांडवीच्या वाळूत

मी गाडी चालवत होतो, आबा शेजारी. मारुती मंदिरावरून बाजारपेठ ओलांडून मांडवीला आलो. रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, असं इथली माणसं गमतीने म्हणतात. रत्नदुर्गाचा डोंगर मध्ये. एका अंगाला पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. पाणी तेच, वाळूचा रंग वेगळा.

मी शाळेच्या विज्ञानपेटीतलं चुंबक आणलं होतं. कागदात गुंडाळून ते काळ्या वाळूत फिरवलं, तर कागदाला काळी दाढी फुटली! या वाळूत लोखंडाची खनिजं आहेत. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून झाला. पावसाने तो झिजवला, नद्यांनी कण समुद्रात आणले. लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड काळे कण मागे राहतात. त्यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला पटकन चिकटतं. दुसरं असतं इल्मेनाइट. त्याला चुंबकाची ओढ कमी. या इल्मेनाइटमध्ये लोखंडासोबत टायटॅनियम असतं.

"आबा, तुमच्या गाडीचा पांढरा रंग कशापासून होतो, सांगा."

"चुन्यापासून?"

"नाही. टायटॅनियमच्या ऑक्साइडपासून. पूर्वी पांढऱ्या रंगासाठी शिशाची पूड वापरत, ती विषारी होती. हे विषारी नाही आणि झाकतंही चांगलं. आणि ते काढतात मुख्यतः इल्मेनाइटपासून. म्हणजे असल्याच काळ्या वाळूपासून."

आबांनी मूठभर वाळू उचलली. एकदा वाळूकडे पाहिलं, एकदा रस्त्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे. काळा चष्मा जरा वर करून पुन्हा पाहिलं.

"काळ्यातून पांढरं काढतात?" ते म्हणाले. "मास्तर, हे मात्र खरं सांगतो आहेस ना?"

आम्ही दोघंही खूप हसलो.

तर दोस्तांनो, रत्नागिरीला आलात तर टिळकांचं घर बघा, थिबा राजवाडा बघा, रत्नदुर्गावरून दिसणारा सूर्यास्त बघा. पण खिशात एक चुंबक जरूर ठेवा. ते कागदात गुंडाळायला विसरू नका, नाहीतर चिकटलेली वाळू निघता निघत नाही. घरी एखादी जुनी गाडी किंवा रंगवलेलं दार असेल तर त्यावरून हात फिरवून बघा, खडू लागतो का ते. मोठ्यांना विचारल्याशिवाय घासायला मात्र जाऊ नका!

आणि रस्त्यात कुठे पांढरी मारुती दिसली आणि तिच्या बॉनेटच्या उजव्या टोकाला रुपयाएवढा ठिपका असला, तर हात करा. चालवणारा मी असेन. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आबा.